स्विफ्ट कॉपी आली का?

[दृश्य: जळगाव जिल्ह्यातल्या सावद्याजवळचं पॅकहाउस. पाण्याचे हौद, त्यात तरंगणाऱ्या केळीच्या फण्या.]

घडापासून फणी सुटते, हौदात पडते, चीक धुऊन निघतो. मग वजनकाटा, मग खोकं. एका खोक्यात साधारण १३ किलो. बाहेर रीफर, म्हणजे माल थंड ठेवणारा, कंटेनर घरघरत उभा आहे, आतलं तापमान १३ अंशांच्या आसपास. त्याच्या फार खाली गेलं की साल काळी पडते, आणि काळी साल आखातात कोणी घेत नाही.

हा माल न्हावाशेव्याला जाणार, तिथून दुबईला. मालाचा रस्ता रावेर तालुक्यात शेंबड्या पोरालाही पाठ आहे. पैसा कुठून कसा येतो ते विचारा, उत्तर दोन शब्दांत मिळेल.

"स्विफ्ट कॉपी."

[दृश्य: मोबाइलवर एक पीडीएफ. बारीक अक्षरं, ओळीच्या सुरुवातीला विसर्गासारखे दोन ठिपके.]

परदेशातल्या व्यापाऱ्यानं पैसे धाडले, याचा हा कागदी पुरावा. खरं तर धाडले म्हणणंही चूक. स्विफ्ट पैसे हलवतच नाही. १९७३ साली १५ देशांतल्या २३९ बँकांनी मिळून बेल्जियममध्ये ही संस्था काढली, १९७७ मध्ये काम सुरू झालं, आज २०० हून जास्त देशांत तिची जाळी आहे. पण तिच्या तारांतून जातो तो फक्त निरोप: अमक्याच्या खात्यातून कमी कर, तमक्याच्या खात्यात मांड. डॉलरचा व्यवहार असेल तर निरोप दुबईहून बहुधा न्यूयॉर्कला, तिथून मुंबईला, आणि मग सावद्याच्या खात्यात आकडा उमटतो. वाटेतल्या बँकांचा खर्च कोणाच्या माथी, तेही त्याच निरोपात एका ओळीत लिहिलेलं असतं. भांडणं बहुतेक त्या ओळीवरूनच होतात.

[दृश्य: माडीवरची खोली. संगणकाचे दोन पडदे, एक कूलर, खिडकीतून केळीची बाग.]

या खोलीत बसणारा पोरगा चार-पाच निर्यातदारांचे हिशेब जुळवून देणारं सॉफ्टवेअर सांभाळतो. कंटेनरचा इनव्हॉइस एकीकडे, आलेला पैसा दुसरीकडे, दोन्हींची गाठ घालायची. पहिला प्रोग्राम त्यानं स्वतःच लिहिला होता. स्विफ्ट कॉपीतला मजकूर उचलायचा, रक्कम काढायची, पुढं टॅलीत, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, ढकलायची. एका रात्रीत लिहिला, असं तो सांगतो. त्या रात्रीची किंमतही सांगतो.

[दृश्य जवळून: पडद्यावर एकच ओळ.]

एमटी १०३ हा ग्राहकाच्या पैशाचा जुना निरोप. त्यात ३२ए नावाचा रकाना असतो. आधी तारखेचे सहा आकडे, मग चलनाची तीन अक्षरं, मग लगेच रक्कम. मध्ये जागा नाही, काही नाही. त्या दिवशी रक्कम होती २४५७०,५०.

स्वल्पविराम बघा. आपल्याकडं तो हजार-लाख वेगळे करतो, म्हणून पोरानं प्रोग्रामला शिकवलं होतं: स्वल्पविराम दिसला की पुसून टाक. स्विफ्टच्या एमटी निरोपात मात्र तोच दशांशचिन्ह असतो. दशांशात काही नसलं तरी तो लिहावाच लागतो, २४५७०, असा शेवटी लोंबकळत. पुसल्यावर उरले २४५७०५०. दोन कंटेनरच्या केळीचे टॅलीत २४,५७,०५० डॉलर जमा.

मुनीमकाकांनी चष्मा कपाळावर सरकवला. "काय रे भो, केळी पाठवली का सोनं?"

शेजारी जळगावचा सराफ बाजार असल्यावर हा प्रश्न तसा रास्तच.

[दृश्य: पडद्यावर उंटाचं छोटं चित्र.]

मग तो अपाचे कॅमलकडं वळला. कॅमल म्हणजे उंट, पण केळी लादायचा नाही. एका प्रणालीतून माहिती उचलून दुसरीला समजेल अशी पोचवणारं हे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर. सुरुवात २००७ ची. फोल्डरमध्ये फाइल पडली की उचल, उघड, तपास, पुढं दे. अशा वाटा त्यात आखायच्या. त्याच्या ३.२० आवृत्तीपासून स्विफ्टचे निरोप वाचायची सोय आली, जुन्या एमटीची आणि नव्या एमएक्सची, दोन्हींची.

ही सोय घातली कशी, ते मला फार आवडलं. कॅमलवाल्यांनी स्विफ्टचं व्याकरण नव्यानं लिहायला घेतलं नाही. प्रोवाइड नावाची मुक्त लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, आधीच होती, तिला त्यांनी कॅमलच्या साच्यात बसवलं. साच्याची मागणी दोनच कामांची: कच्चा मजकूर घेऊन त्याची प्रोग्रामला हाताळता येईल अशी वस्तू करणं, आणि वस्तूचा पुन्हा मजकूर करणं. वाट आखणाऱ्याला एक ओळ लिहावी लागते. त्या ओळीमागं स्वल्पविरामाचं काय करायचं, हे कोणीतरी आधीच निस्तरून ठेवलेलं असतं.

मग अडतं कुठं? चाचणीत. मुक्त स्रोतात कोड उघडा, चाचणीच्या फायलीही उघड्या. बँकेचा खरा निरोप तिथं ठेवता येत नाही. त्यात कोणाचं तरी नाव, खातं, रक्कम असते. म्हणून खोटे निरोप रचावे लागतात, आणि खोट्या निरोपात खऱ्याचा इरसालपणा नसतो. पोरगा आता संध्याकाळी बसून असे निरोप रचतो. नाव लांबलचक, ३५ अक्षरांत न मावणारं. फर्मच्या नावात 'आणि'चं ते गाठीसारखं चिन्ह, जे एमटीच्या अक्षरसंचात मुळात नाही. पाटीवर ते चिन्ह, निरोपात तिथं 'अँड' किंवा मोकळी जागा, आणि हिशेब जुळत नाही. शिवाय स्विफ्टचे नियम दर नोव्हेंबरात बदलतात. फराळाचे डबे अजून रिकामे झालेले नसतात.

[दृश्य: बागेतला मातीचा रस्ता. मागं ट्रॅक्टर.]

२०२५ च्या नोव्हेंबरात मोठा बदल झाला. देशाबाहेरच्या पैशाच्या निरोपांसाठी जुनी एमटी पद्धत थांबली. आता आयएसओ २००२२ या साच्यातला निरोप, म्हणजे मघाचा एमएक्स; तो एक्सएमएलमध्ये, प्रत्येक माहितीला नावाची खूण लावून लिहिलेला. आपल्या आरटीजीएसनं हा साचा २०१३ मध्येच घेतला होता. नव्या निरोपात दशांशाला टिंब आहे, स्वल्पविराम गेला. मुनीमकाका खूश. पण दफ्तरात जुने निरोप आहेतच, म्हणून दोन्ही भाषा यायलाच हव्यात.

नव्यात घोळ वेगळाच, पत्त्याचा. जुन्यात चार ओळी मिळायच्या, त्यात मु. पो., ता., जि. काय वाटेल ते कोंबा. नव्यात गावाला वेगळा रकाना, जिल्ह्याला वेगळा, पिनकोडला वेगळा, देशाला वेगळा. नोव्हेंबर २०२६ पासून नुसत्या ओळींचा पत्ता चालणार नाही. निदान गाव आणि देश आपापल्या रकान्यात पाहिजेत.

[दृश्य: माडी. पोरगा टाइप करतोय, वडील दारात.]

बाग चिनावलात, पॅकहाउस सावद्याच्या वाटेवर, बँकेची शाखा सावद्यात, तालुका रावेर. तालुका नावाचा रकाना त्या साच्यात नाहीच.

"अप्पा, गावाच्या जागी काय टाकू? चिनावल का सावदा?"

अप्पा पायरीवर चपला काढतात. "बँकेत काय लिहून दिलंय?"

"तिथं दोन्ही आहे. एकाच ओळीत."

खालून मुनीमकाकांची हाक येते. कंटेनर सुटलाय, दुबईवाल्याला फोन लावायचाय.