विजयानंतरची तीस वर्षं

(दृश्य: विधी महाविद्यालय रस्ता, सकाळ. भांडारकर संस्थेचं आवार.)

महाभारत युद्धावर संपत नाही. छत्तीस वर्षांनी यादव आपापसात लढून मरतात, द्वारका बुडते, आणि वाटेत आभीरांनी घेरल्यावर अर्जुनाला अस्त्रंच आठवेनात. याच संस्थेत १९१९ ते १९६६ अशी सत्तेचाळीस वर्षं खपून महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध झाली. तिच्यातही हे मौसलपर्व आहेच, सोळावं. जिंकलेल्यांची पडझड मराठी वाचकाला परकी नाही. अमेरिकन कादंबरीकार टॅड विल्यम्स यांच्या ओस्टन आर्ड या कल्पित जगात पुन्हा शिरताना तीच ओळख कामी येते.

(दृश्य: अप्पा बळवंत चौक. जुन्या पुस्तकांचा ढीग, चाळणारे हात.)

पहिली मालिका तीन पुस्तकांची. ‘द ड्रॅगनबोन चेअर’ १९८८ साली आलं, ‘स्टोन ऑफ फेअरवेल’ १९९० साली, ‘टू ग्रीन एंजल टॉवर’ १९९३ साली. शेवटचं हजार पानांच्या वर गेलं, त्यामुळे पेपरबॅकमध्ये त्याचे दोन खंड करावे लागले. जुनी प्रत घेताना फसगत होते ती इथेच. नाव ओळखीचं दिसतं म्हणून घाईनं घ्यावं, तर घरी आल्यावर कळतं की हातात फक्त उत्तरार्ध आहे. आतलं शीर्षकपान बघूनच पैसे द्या. बांधणीही तपासा. तीस वर्षांपूर्वीचा डिंक कडक झालेला असतो, आणि पुस्तक मधोमध सपाट उघडलं की पानांचा गठ्ठाच सुटून येतो. असं पुस्तक अर्धवट उघडं धरून वाचावं.

पहिली सुमारे दोनशे पानं संथ आहेत आणि बरेच वाचक तिथेच थांबतात. हेहोल्ट किल्ल्याच्या स्वयंपाकघरात राबणारा सायमन कामं चुकवत हिंडतो, डॉक्टर मॉर्गेनेसकडे अक्षरं गिरवतो. ही पानं गाळू नका. किल्ल्याचे जिने, बुरूज, तळघरं सगळं इथे पेरलेलं आहे आणि शेवटी त्याच जागी परत यायचं आहे. तिन्ही पुस्तकं मिळून सव्वादोन हजारांच्या आसपास पानं भरतात. रोज तीस धरली, तर अडीच महिने.

(दृश्य: टेबलावर उघडं पुस्तक, शेवटच्या पानांत खोचलेली कागदाची पट्टी.)

पुढची गोष्ट तब्बल चोवीस वर्षांनी, २०१७ साली सुरू झाली. कथेत जवळपास तीस वर्षं उलटली आहेत. सायमन आणि मिरियमेल राजा-राणी आहेत. त्यांचा एकुलता एक मुलगा तापानं गेला. नातू मॉर्गन दारूच्या गुत्त्यात रात्री घालवतो. मिरियमेलचा काका, राजपुत्र जोशुआ, याचा वीस वर्षं पत्ता नाही. शत्रू दाराशी येण्याआधीच घर आतून पोखरलेलं आहे, आणि या मालिकेचा खरा काळोख तोच आहे.

क्रम प्रकाशनाचाच ठेवा. आधी ‘द हार्ट ऑफ व्हॉट वॉज लॉस्ट’, मग ‘द विचवुड क्राउन’, २०१९ चं ‘एम्पायर ऑफ ग्रास’, हजार वर्षं मागे नेणारं ‘ब्रदर्स ऑफ द विंड’, आणि शेवटी ‘इन्टू द नॅरोडार्क’ व ‘द नेव्हिगेटर्स चिल्ड्रन’. ही शेवटची दोन मुळात एकच पुस्तक होती, फार वाढलं म्हणून दुभागली. त्यामुळे ‘नॅरोडार्क’ ऐन रंगात आल्यावर तुटतं. पुढचं हाताशी असल्याशिवाय ते सुरू करू नये.

‘द हार्ट ऑफ व्हॉट वॉज लॉस्ट’ लहानसं आहे, म्हणून ते वगळायचा मोह होतो. त्यानं मोठं नुकसान होतं. पोर्टो नावाचा साधा सैनिक आणि त्याचा तरुण सोबती एंड्री यांची ओळख त्यात होते. पुढे मॉर्गनसोबत पिणारा म्हातारा सर पोर्टो भेटतो, तेव्हा एंड्रीचं काय झालं हे ठाऊक नसेल, तर तो नुसता दारुडा वाटतो.

याच पुस्तकात नॉर्न, म्हणजे माणसांशी वैर असलेली मानवेतर जमात, आतून दिसतात. पहिल्या मालिकेत ते बर्फातून येणारे पांढरे चेहरे होते. आता व्हियेकी या नॉर्नच्या डोळ्यांनी त्यांचं नक्किगा शहर, त्यांची भूक, राणी उटुक्कूची दहशत कळते. जन्म इतके घटलेत की माणसांच्या बायकांपासून मुलं होऊ दिली जातात. व्हियेकीची मुलगी नेझेरू तशीच जन्मली आहे. त्यांना पवित्र असलेली विचवुडची झाडं मरत चालली आहेत. शत्रूचं दुःख समजू लागलं की लढाईची पानं वाचणं अवघड होतं. मालिकेचं सगळ्यात मोठं बळ हेच आहे.

अडचण नावांची होते. नॉर्न स्वतःला हिकेदाया म्हणवतात, त्यांचे भाऊबंद सिथी स्वतःला झिदाया, आणि तिसरी जमात तिनुकेदाया. ही तीन नावं खुणेच्या पट्टीवर लिहा आणि ती पट्टी मागच्या पात्रसूचीत ठेवा.

पहिली मालिका पुन्हा वाचताना आणखी एक करा. सायमनचं प्रत्येक स्वप्न पेन्सिलीनं खुणा करून ठेवा. ते फिरणारं प्रचंड चाक, ते पांढरं झाड.

(दृश्य: समासातल्या पेन्सिलीच्या खुणा, जवळून.)

‘द विचवुड क्राउन’मध्ये म्हातारा होत चाललेला राजा सायमन सांगतो, की आताशा त्याला स्वप्नंच पडत नाहीत.