ईटन सेंटर आणि अडून बसलेली माणसं

मॉलचा इतिहास सांगायचा म्हटलं की बहुतेक जण वास्तुरचनाकाराच्या आराखड्यापासून सुरुवात करतात. कॅनडातल्या टोरांटोच्या ईटन सेंटरबद्दल बोलताना मी दुसऱ्या दारानं आत शिरणार आहे. आज हा मॉल जसा उभा आहे, तसा तो सुरुवातीला त्याच्या मालकांच्या डोक्यात नव्हता. दर वेळी कुणीतरी अडून बसलं आणि आराखडा बदलावा लागला.

पण आधी ईटन म्हणजे कोण, ते सांगतो. आयर्लंडहून आलेल्या टिमथी ईटननं 1869 मध्ये यंग स्ट्रीटवर कापडाचं दुकान घेतलं. उधारी नाही, घासाघीस नाही, एकच भाव. माल पसंत पडला नाही तर पैसे परत. सगळा बाजार उधारीवर चालत असताना असं सांगायला छाती लागते. 1884 पासून त्याचा कॅटलॉग निघू लागला आणि पुढे तो गव्हाच्या मुलखातल्या शेतकऱ्यांच्या घरोघर पोहोचला. टिमथी पक्का मेथडिस्ट, म्हणजे एका कडक शिस्तीच्या ख्रिस्ती पंथाचा. दुकानात तंबाखू विकायची नाही आणि रविवारी शोकेसवर पडदे ओढायचे, म्हणजे प्रार्थनेच्या दिवशी कुणाचं मन वस्तूंकडे जायला नको! गिऱ्हाइकाला मोह पडू नये म्हणून झटणारा दुकानदार मला तरी दुसरा माहीत नाही.

1960 च्या दशकापर्यंत ईटन कंपनीकडे शहराच्या मध्यभागी भरपूर जमीन जमा झाली होती. शेजारीच 1899 मध्ये बांधलेलं जुनं सिटी हॉल होतं. 1965 मध्ये नवं सिटी हॉल सुरू झालं आणि जुनं अडगळीत निघालं. ईटनच्या पहिल्या आराखड्यात ही दगडी इमारत पाडायची होती. ठेवायचं ते फक्त घड्याळाचा मनोरा आणि समोरचं युद्धस्मारक. लोक खवळले. इमारत वाचवण्यासाठी नागरिकांनी गट स्थापन केला, वर्तमानपत्रांतून वाद झडले आणि 1967 मध्ये कंपनीनं बेत गुंडाळला. जुन्या वास्तू जपण्याची चळवळ तेव्हा नुकती कुठे मूळ धरत होती, हे लक्षात घेतलं तर या विजयाची किंमत कळते.

याच आवारात होली ट्रिनिटी नावाचं एक चर्च आहे. मला ते मॉलहून जास्त आवडतं. 1847 चं बांधकाम. त्या काळी चर्चमधली बाकं भाड्यानं दिली जायची. ऐपतवाले पुढे, बाकीचे मागे किंवा उभे. या चर्चसाठी इंग्लंडमधल्या एका बाईनं नाव गुप्त ठेवून 5,000 पौंड पाठवले आणि अट घातली की इथली बाकं कायमची सर्वांना मोफत असतील. सव्वाशे वर्षांनी याच चर्चच्या दारात कॅनडातला एक बडा दुकानदार जागा मागायला आला. मंडळी हटली नाहीत. चर्च राहिलंच, वर मॉलच्या इमारतींनी आमचं ऊन अडवता कामा नये, हेही त्यांनी मान्य करून घेतलं. आज मॉलच्या पश्चिमेच्या दारातून बाहेर पडलं की समोर हे चर्च दिसतं.

मग उरली ती यंग स्ट्रीटला लागून असलेली लांबट पट्टी. ईटन कंपनी, कॅडिलॅक फेअरव्ह्यू ही बांधकाम कंपनी आणि टोरांटो-डोमिनियन बँक अशा तिघांनी मिळून नवा आराखडा आणला. वास्तुरचना एबरहार्ड झाइडलर आणि त्यांच्या जोडीला ब्रेगमन अँड हॅमन या कंपनीची. झाइडलर यांनी नजर टाकली ती मिलानच्या एकोणिसाव्या शतकातल्या गॅलेरियावर. म्हणजे दोन्ही बाजूंना मजल्यांवर मजले दुकानं, मधे मोकळा रस्ता आणि वर काचेचं छप्पर. 10 फेब्रुवारी 1977 ला पहिला टप्पा उघडला. मग ईटनचं जुनं मुख्य दुकान पाडून त्या जागी दुसरा टप्पा झाला, तो 1979 मध्ये.

इथे धंद्याचं एक गणित समजून घेऊ. मॉलच्या दोन टोकांना दोन मोठी दुकानं ठेवायची आणि त्यांना भाड्यात सवलत द्यायची. लोक एका टोकाकडून दुसऱ्याकडे चालतात, त्या वाटेवर छोटी दुकानं बसवायची आणि भाडं वसूल करायचं ते त्यांच्याकडून. ईटन सेंटरच्या उत्तर टोकाला स्वतः ईटन आणि दक्षिणेला क्वीन स्ट्रीटपलीकडे त्याचा जन्माचा प्रतिस्पर्धी सिम्पसन्स. तिथे जायला रस्त्यावरून पूलसुद्धा! शिवाय दोन्ही टोकांना जमिनीखाली 1954 मध्ये सुरू झालेल्या मेट्रोचं एकेक स्टेशन. पट्टी लांबट आणि अरुंद मिळाली ही सक्ती होती, पण तीच पथ्यावर पडली. एक चूक मात्र केली. यंग स्ट्रीटच्या बाजूला बऱ्याच ठिकाणी नुसत्या भिंती दाखवल्या, सगळं तोंड आत वळवलं. त्यावर पुष्कळ टीका झाली आणि पुढे दुरुस्त्या करून दुकानं रस्त्याकडे उघडावी लागली.

आता हंसांकडे येतो. काचेच्या छपराखाली कॅनडा गूज जातीचे 60 हंस उतरताना दिसतात. मायकेल स्नो या कलावंताची ही 1979 ची शिल्पकृती. फायबरग्लासची शरीरं आणि वर खऱ्या हंसाच्या छायाचित्रांचं आवरण. 1982 च्या नाताळात व्यवस्थापनानं प्रत्येक हंसाच्या गळ्यात लाल रिबीन बांधली. स्नो यांनी त्या काढायला सांगितल्या, कुणी ऐकेना. ते थेट न्यायालयात गेले. मॉलची बाजू सरळ होती : पैसे मोजून घेतलेली वस्तू आमची, रिबिनीनं तिला ओरखडाही उठत नाही. स्नो यांचं म्हणणं, हे म्हणजे व्हीनस द मायलो या प्राचीन ग्रीक पुतळ्याच्या कानात डूल घालण्यासारखं आहे. टोरांटो ज्या प्रांतात आहे त्या ऑन्टॅरिओच्या न्यायालयानं त्यांची बाजू उचलून धरली. वस्तू विकली तरी तिची विटंबना होत असेल तर कलावंताला बोलायचा हक्क उरतो, असा त्याचा अर्थ. ऐन नाताळच्या खरेदीत, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात रिबिनी उतरवाव्या लागल्या. कॅनडातल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा खटला आजही शिकवतात.

हंसांना न्याय मिळाला, पण विक्रेत्यांचं काय? 1980 च्या दशकात ईटनच्या कर्मचाऱ्यांची युनियन बांधायचा प्रयत्न सुरू होता. पत्रकं वाटणाऱ्यांना मॉलच्या मालकांनी हुसकावून लावलं. ही खासगी जागा आहे म्हणाले. त्यांच्या हाती आधार होता तो विनिपेग शहरातल्या एका मॉलमधल्या खटल्याचा : मॉलमालक संपकऱ्यांना आवाराबाहेर काढू शकतो, असं सर्वोच्च न्यायालयानं 1975 मध्ये म्हटलं होतं. तरीही कामगार मंडळानं युनियनच्या बाजूनं निर्णय दिला आणि ऑन्टॅरिओच्या अपील न्यायालयानं 1989 मध्ये तो कायम ठेवला. पण हा हक्क युनियन बांधण्यापुरताच. एरवी तुम्ही-आम्ही तिथे उभं राहून भाषण करू लागलो, तर रखवालदार येऊन बाहेरचा रस्ता दाखवू शकतो. झाइडलर यांनी रस्त्यासारखी जागा बांधली, कायद्यानं तिला रस्ता मानलं नाही. माझ्या मते या मॉलच्या इतिहासातला सर्वांत मोठा अनुत्तरित प्रश्न हाच.

ईटनचं पुढे काय झालं, ते थोडक्यात. कॅटलॉग 1976 मध्येच, म्हणजे मॉल उघडायच्या आदल्या वर्षी बंद पडला होता. 1999 मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं. उत्तर टोकाची जागा सीअर्स या दुकानसाखळीकडे गेली, सीअर्सनं 2014 मध्ये ती सोडली. 2016 मध्ये नॉर्डस्ट्रॉम आलं, 2023 मध्ये कॅनडातूनच गेलं. दक्षिणेला सिम्पसन्सच्या इमारतीत हडसन्स बे होतं. 1670 ची ती कंपनी 2025 मध्ये दुकानं बंद करून मोकळी झाली. टोकाचं मोठं दुकान गिऱ्हाईक ओढतं आणि मधली दुकानं जगवतं, हे गणित खरं धरलं तर मॉल एव्हाना ओस पडायला हवा होता. प्रत्यक्षात उत्तर अमेरिकेतल्या सर्वांत गजबजलेल्या मॉलमध्ये तो आजही गणला जातो. लोकांना ओढून आणणारी टोकं बहुधा कधी दुकानं नव्हतीच. ती मेट्रोची दोन स्टेशनं होती, आणि ती शहरानं बांधली होती.