शिकायचं दिल्लीत, प्रयोग दादरला

(शनिवार दुपार. शिवाजी मंदिरच्या बाहेरचा नाटकांचा बोर्ड.)

हे दादर वेस्टचं शिवाजी मंदिर, समोर प्लाझा. बोर्ड नीट वाचा, दुपारी एक नाटक, रात्री दुसरं, उद्या रविवारी परत तेच, आणि यातला एखादा नट दुपारचा प्रयोग संपला की मेकअप पुसत पुसत गाडीत बसणार आणि रात्री ठाण्याला गडकरीमधे दुसऱ्याच नाटकात उभा राहणार. त्याचे त्याला प्रयोगामागे पैसे मिळतात, त्याला धंद्यात नाईट म्हणतात. भर दुपारी प्रयोग असला तरी नाईटच.

हे सुरुवातीलाच सांगायचं कारण म्हणजे लोकांनी तिकीट काढून नाटक बघायचं आणि त्यावर नटाचं घर चालायचं, हे आपल्या देशात फार थोड्या भाषांमधे टिकलंय. मराठीत टिकलंय, गुजरातीत आहे. आणि नट शिकवणारी देशातली सगळ्यात नावाजलेली शाळा कुठेय, तर दिल्लीत, जिथे हिंदी नाटकाचा असा दर आठवड्याचा धंदा कधी धड उभाच राहिला नाही.

(मंडी हाऊसचा चौक, तिथून भगवानदास रोड, बहावलपूर हाऊसचं गेट.)

राष्ट्रीय नाट्य विद्यालय, म्हणजे आपलं एनएसडी. 1959 ला संगीत नाटक अकादमीने सुरू केलं, 1975 ला स्वतंत्र संस्था झाली. इथे बारावी करून येता येत नाही, आधी ग्रॅज्युएट व्हा, काही नाटकांत काम केलेलं दाखवा, मग ऑडिशन, त्यातून निवडलेल्यांचं परत काही दिवस वर्कशॉप, आणि अख्ख्या देशातून शेवटी उरतात ती मोजकी मुलं. तीन वर्षांचा कोर्स. पहिलं वर्ष सगळ्यांना सारखं, पुढे अभिनय घ्या नाहीतर डिझाइन आणि दिग्दर्शन.

1962 ते 1977 इथे इब्राहिम अल्काझी डायरेक्टर होते. त्यांची शिस्त हा वेगळ्या फिल्मचा विषय आहे, पण नट म्हणजे नुसता बोलणारा माणूस नाही, त्याने सेट लावायचा, कपडे सांभाळायचे, लाईट समजून घ्यायचा, स्टेज झाडायचं सुद्धा, हे त्यांनी तिथे असं काही रुजवलं की आजही कुठल्याही नाट्यशाळेत गेलात तर पहिल्या वर्षाची पोरं हातोडी घेऊनच दिसतील. रोहिणी हट्टंगडी पुण्याच्या, त्या याच काळात तिथे शिकल्या, 1974 ला बाहेर पडल्या. सई परांजपे, ज्योती सुभाष, वामन केंद्रे, ही सगळी तिथलीच मंडळी. केंद्रे तर पुढे तिथे डायरेक्टर पण झाले.

आता मराठी पोराची तिथली पहिली अडचण काय असते, तर ज. आपल्याकडे जागेतला ज वेगळा आणि जीवनातला वेगळा, पण लिहायला अक्षर एकच, त्यामुळे कुठे कुठला ज हे आपण तोंडाच्या सवयीवर ठरवतो आणि ही सवय हिंदी उर्दूत घेऊन गेलो की नुक्ता, म्हणजे उच्चार बदलणारं अक्षराखालचं टिंब, हमखास चुकीच्या जागी पडतो. मग सहा महिने नुसतं तेच, आरशासमोर ओठ, जीभ, श्वास. परत मराठीत आलं की उलटी गंमत, वाक्य हिंदीच्या चालीवर जायला लागतं. (हे ऐकायला किरकोळ वाटतं पण बाल्कनीतल्या शेवटच्या रांगेतला माणूस तीनशे रुपये देऊन बसलेला असतो, त्याला ते लगेच खटकतं.)

(जुने फोटो. नाटक कंपन्यांचे.)

तसं शिक्षण आपल्याकडे नव्हतंच असं नाही. 1880 ला किर्लोस्करांनी शाकुंतल आणलं, पुढे कंपन्या झाल्या, आणि कंपनी हीच शाळा होती, राहणं तिथेच, जेवायची पंगत तिथेच, सकाळी गाण्याची तालीम, दुपारी नकलांची. नकला म्हणजे संवाद, तेव्हाचा शब्द. 1905 ला बालगंधर्व किर्लोस्कर कंपनीत आले तेव्हा जेमतेम सतरा वर्षांचे होते. बोलपट आले आणि हळूहळू कंपन्या मोडल्या, त्यांच्याबरोबर ही शाळाही गेली. मग उरल्या स्पर्धा. 1954 पासून राज्य नाट्य स्पर्धा, 1963 पासून पुण्यात कॉलेजांच्या एकांकिकांचा पुरुषोत्तम करंडक. माझं मत विचाराल तर मराठी नटाचं खरं कॉलेज गेली साठ वर्षं एकांकिका हेच आहे, आणि त्याचे फायदे तोटे दोन्ही आपल्या स्टेजवर दिसतात. एनर्जी भरपूर. शांत बसून ऐकणं मात्र कमी, कारण पाऊण तासात परीक्षकाला पाडायचं असतं ना.

आणि शाळेशिवाय लोक मोठे झालेच की. श्रीराम लागू कान नाक घशाचे डॉक्टर. प्रशांत दामले बेस्टमधे नोकरी करत नाटकं करायचे, 2022 च्या नोव्हेंबरात त्यांचा 12,500 वा प्रयोग झाला. एवढे प्रयोग ज्याने केलेत त्याला अभिनयाचा कोर्स कर म्हणायची कुणाची टाप आहे?

(पुणे विद्यापीठ. ललित कला केंद्र, सकाळ.)

तरी पण मुलं शिकायला येतात. पुण्यात 1987 पासून ललित कला केंद्र आहे, नावातच गुरुकुल आहे, सतीश आळेकर तिथे बरीच वर्षं प्रमुख होते, बीए आणि एमए दोन्ही होतं. मुक्ता बर्वे इथल्याच, उपेंद्र लिमये पण. मुंबईत कलिनाच्या कॅम्पसमधे 2003 ला वामन केंद्रेंनी विद्यापीठाची ॲकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स सुरू केली, तिथे दोन वर्षांचं मास्टर्स.

अशा कोर्सचा दिवस सकाळी शरीरापासून सुरू होतो, योगा, मूव्हमेंट, मग आवाज, मग थिअरी म्हणजे भरताच्या नाट्यशास्त्रातले अभिनयाचे चार प्रकार, आंगिक वाचिक आहार्य सात्त्विक, आणि शेजारी रशियन दिग्दर्शक स्तानिस्लावस्की, आणि संध्याकाळी तालीम, तिला शेवट नसतो. पण खरं जे मिळतं ते टाइमटेबलमधे लिहिलेलं नाही. इथे वाईट काम करायची परवानगी आहे. एक सीन दोन महिने घासा, पडा, परत उभे रहा, तिकीटबारी बघायला कुणी येत नाही. बाहेर ही चैन नाही.

घरी हे समजावणं अवघड. एमए कशात, नाटकात, मग नोकरी कुठे? बरीच मुलं सरळ सिरीयलच्या ऑडिशनला जातात आणि त्यात काही चूक नाही, भाडं द्यायचं असतं.

पण स्टेजवरच यायचं ठरवलं तर पहिलं काम बऱ्याचदा रिप्लेसमेंटचं मिळतं. चालू नाटकातला कुणीतरी शूटिंगमुळे सोडतो आणि गुरुवारी फोन येतो, रविवारी प्रयोग आहे, करशील का. व्हिडिओ बघून पाठांतर, दोन तालमी, त्यातली एक फक्त मूव्हमेंट्सची, दुसऱ्याच्या मापाचे कपडे, दुसऱ्याने बसवलेले लाफ्टर, म्हणजे प्रेक्षक हसायच्या जागा. जिथे तो थांबायचा तिथेच थांबायचं, नाहीतर समोरच्याचं वाक्य लाफ्टरमधे बुडतं. दोन महिने एक सीन घासलेल्या पोराला हे चार दिवसांत करायचं असतं आणि इथेच कळतं की श्वास बसलाय का, कान उघडे आहेत का.

(रात्र. नाटकाची बस, आतला पिवळा दिवा.)

मागच्या सीटवर एक मुलगी बसलीये, मांडीवर झेरॉक्स स्क्रिप्ट, पेन्सिलच्या खुणा. पुढे सीनियर मंडळी झोपलीयेत. उद्या नाशिक, कालिदास नाट्यगृह, साडेपाचचा प्रयोग. ती ओठातल्या ओठात वाक्यं म्हणतेय, आणि मधेच न झोपलेला एक आवाज पुढच्या सीटवरून येतो, "अगं, तिथे मी आधी खुर्ची ओढतो, मग तू बोल."