अक्का, पक्का, शिक्का

नमस्कार श्रोतेहो. आज जरा वैतागाचं बोलायचं आहे, घोषणांबद्दल. निवडणुकीच्या आणि मैदानावरच्या.

आपल्याला घोषणांचं वावडं नाही बरं का. 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' ही घोषणाच होती, आणि 1 मे 1960 ला तो झालाही. 2013 च्या नोव्हेंबरात वानखेडेवर सचिन शेवटची कसोटी खेळला, तेव्हा 'सच्चिन, सच्चिन' असा जो गजर झाला तो कुणी शिकवला नव्हता. ही घोषणा गळ्यातून आलेली. गळ्यातून आलेली घोषणा माणूस सहन करतो, तिच्यात आपलाही सूर मिसळतो. त्रास होतो तो भोंग्यातून आलेल्या घोषणेचा. पुन्हा सांगतो, गळ्यातली चालते, भोंग्यातली चालत नाही.

आयपीएल 2008 साली सुरू झाली, तेव्हाचं आठवतं? षटकार गेला की समालोचक म्हणायचा, 'डीएलएफ मॅक्झिमम'. पुढच्या काही वर्षांत झेल घेतला की 'कार्बन कमाल कॅच'. अहो, षटकाराला षटकार म्हणा ना! बाळ पंडितांचं मराठी समालोचन ऐकून वाढलेल्या कानांना हे सोसवत नाही. क्रिकेट रेडिओवरच जास्त चांगलं दिसतं असं माझं मत आहे, पण ते राहू दे.

तर मला सांगायचा आहे तो किस्सा. नव्वदच्या दशकातला, कोकणातल्या एका गावातला. जिल्हा परिषदेची निवडणूक लागलेली आणि त्याच आठवड्यात गावात कबड्डीचे सामने. कबड्डी मातीवरची, हे मुद्दाम सांगतो. मॅटवर जी खेळतात तिला मी कबड्डी म्हणतो, पण मनापासून नाही. सामन्यांचं निवेदन करायला मला बोलावलेलं. मंडळाचा माइक असा की तो धरला की हाताला मुंग्या यायच्या.

अंतिम सामना सुरू झाला आणि मैदानाच्या बांधाला एक प्रचाराची रिक्षा येऊन थांबली. टपावर दोन भोंगे. कॅसेट चालू: 'ताई, माई, अक्का, विचार करा पक्का, कपबशीवर मारा शिक्का!' तेव्हा खरंच शिक्का मारायचे, यंत्रं नंतर आली. यंत्रं येऊन इतकी वर्षं झाली तरी काही ठिकाणी अजून शिक्काच मारायला सांगतात, तेही असो. रिक्षावाला कॅसेट चालू ठेवून भजी खायला गेला. कॅसेट संपली की आपोआप उलटायची. ताई, माई, अक्का. पुन्हा ताई, माई, अक्का. मी माइकवरून तीनदा विनंती केली. भोंगा माझ्यापेक्षा मोठा होता.

सामना शेवटच्या मिनिटाला आला. यजमान संघ एका गुणाने मागे. चढाईला गेला त्यांचा सगळ्यात चपळ गडी, त्याला सगळे बारक्या म्हणायचे. बारक्याने मध्यरेषा ओलांडली, डावीकडे हूल दिली, उजव्या कोपऱ्यातल्या दोघांना हात लावला आणि सुळकन परत. दोन गुण! गाव उभं राहिलं. टोप्या उडाल्या. मी माइकवर ओरडतोय, मला काय ओरडतोय ते आठवत नाही.

आणि पंचांची शिट्टी वाजली.

पंच म्हणजे शाळेतले गुरुजी, पांढरा शर्ट, पांढरी पँट. त्यांनी हात वर केला. "गुण नाही. दम बरोबर नाही. तांत्रिक गुण समोरच्या संघाला."

"गुरुजी, दम कुठे तुटला?" कर्णधार धावत आला.

"तुटला नाही. पण हा 'कबड्डी' म्हणत नव्हता."

"मग काय म्हणत होता?"

गुरुजी क्षणभर थांबले. "अक्का, पक्का, शिक्का, असं म्हणत होता."

मैदानात शांतता. बांधावरून फक्त भोंगा. बारक्या रडवेला झाला. म्हणाला, "गुरुजी, आईशप्पथ, आतून मी कबड्डीच म्हणत होतो. बाहेर काय पडलं, देव जाणे!"

आता नियम तुम्हाला ठाऊक आहे. चढाई करणाऱ्याने 'कबड्डी'च म्हणायचं, आणि पंचाला ऐकू येईल असं म्हणायचं. गुरुजी बरोबर होते. संघ दोन गुणांनी हरला. एवढ्यात भज्यांचा कागद हातात घेऊन रिक्षावाला आला आणि विचारतो, "काय, कोण जिंकलं?" त्याला कसा वाचवला ते मंडळालाच माहीत.

मतमोजणीत त्या गावातून कपबशीला जे मिळालं ते सांगण्यासारखं नव्हतं. बारक्याचं नाव मात्र त्या दिवसापासून शिक्का पडलं. पुढे लग्नपत्रिकेतसुद्धा कंसात छापलं होतं.

वेळ संपत आली, तेव्हा कारणाचं थोडक्यात. एकच ओळ कानावर सतत आदळली की ती ओठांवर बसते. प्रचारवाल्यांना तेवढंच हवं असतं. ती आवडली पाहिजे असं काही नाही, बसली पाहिजे. 'येऊन येऊन येणार कोण' याचं उत्तर देणाऱ्यातले निम्मे लोक त्या उमेदवाराला मत देत नसतील, पण उत्तर देतात.

निवडणुकीचं एक बरं आहे. लोकसभा-विधानसभेला मतदान संपायच्या आधीचे 48 तास जाहीर प्रचार बंद, आणि रात्री दहानंतर भोंगाही बंद. क्रिकेटला ही सोय नाही. तिथे दोन महिने रोज संध्याकाळी तेच, आणि आवाज कमी करायला रिमोट शोधावा तर तो नातवाच्या हातात.

नमस्कार.