रिकामं ताट परत करा

फादर, सिस्टर आणि मंडळी, चर्चमधली मिस संपल्यावर चहा पिऊन सरळ घरी न जाता तुम्ही हॉलमध्ये बसलात, बरं वाटलं. बाहेर बोर्डावर विषय लिहिलाय ‘नाताळ आणि कृतज्ञता’. तो फादरांनी लिहिलाय. मी त्यांना फोनवर म्हटलं होतं की मला घेण्याबद्दल बोलायचंय, तर ते म्हणाले, घेण्याबद्दल असं नको लिहूया, लोकांना वाटेल तलाठ्यांसाठी व्याख्यान ठेवलंय. (हशा)

तर घेण्याबद्दल. देण्याबद्दल आपल्या लोकांना कोणी शिकवायला नको. डिसेंबर लागला की घरोघरी नारळ फुटायला लागतात, रात्री जेवणं आटोपली की कुलकुल वळायला बसायचं, पोरं फोर्कच्या पाठीवर अर्धी वळतात आणि अर्धं पीठ खातात, दोदोल ढवळताना कढईजवळ पाळीपाळीनं उभं राहायचं कारण एकट्याचा हात टिकत नाही. मग पंचवीसला ताटं भरायची, वर क्रोशाचा रुमाल, आणि ताट द्यायला घरातलं सगळ्यात लहान पोर पाठवायचं. समोरच्या काकूंकडे गणपतीत मोदक-करंज्या आलेल्या असतात, दिवाळीत चावदिसाला पाच प्रकारचे पोहे आलेले असतात, त्यांच्याकडे ताट जायलाच हवं. आता त्यात पण डोकं चालवावं लागतं म्हणा, केकमध्ये अंडं, आणि नेमका मार्गशीर्षातला गुरुवार आसपास आला तर काकू केक फ्रीजमध्ये ठेवतात आणि काका रात्री गुपचूप उठून खातात, हे सगळ्या वाडीला माहीत आहे.

पण माझं लक्ष त्या दारात उभ्या असलेल्या पोराकडे आहे. पोरानं ताट दिलं, आता ताट परत घ्यायचंय. काकू म्हणतात, थांब हां बाबू, आणि आतून डबे वाजायला लागतात. काय घालू, काय घालू. शेवटी साखर. नाहीतर दोन केळी, नाहीतर कालच्या चकल्या. रिकामं ताट कसं पाठवायचं! आणि आपल्याकडे ताट आलं की आपणही तेच करतो, आम्ही काय वेगळे नाही. माझं म्हणणं इतकंच आहे की ह्या वर्षी ताट रिकामं परत करा. मागे बसलेल्या आंटींनी तोंडावर हात ठेवलाय, दिसलं मला. अपशकुन म्हणाल. साखर वाईट आहे असं मी म्हणत नाही, त्या साखरेत प्रेमही असतं. पण त्यातली घाई बघा. आलेल्या नेवरीचा, म्हणजे आपल्या करंजीचा, अजून तुकडासुद्धा मोडलेला नाही आणि आपण हिशोब चुकता करून मोकळे.

लग्नात तर वहीच असते. स्टेजच्या बाजूला टेबल टाकून घरातला एक हिशोबी माणूस बसलेला, अमक्याचे १०१, तमक्याचे ५०१, पाकीट फोडून लगेच नोंद. ती वही कपाटात बायबलच्या शेजारी राहते, खोटं सांगत नाही, बघा घरी जाऊन. मग त्यांच्या मुलीचं लग्न निघालं की वही काढायची, त्यांनी १०१ घातले होते, आता १५१ तरी घालायला हवेत. आणि लेमन सेट! ज्यांच्या लग्नाला तीसेक वर्षं झाली त्यांना लेमन सेट माहीत आहे, एक जग आणि सहा ग्लास. किती लेमन सेट वेंगुर्ल्यात निघाले आणि कुडाळ, सावंतवाडी, मालवण फिरून पुन्हा वेंगुर्ल्यात आले ह्याची गणती नाही, त्यातून सरबत कोणी प्यायलं नाही. स्टीलच्या भांड्यांचं तसं होत नव्हतं कारण त्यावर नाव कोरलेलं असायचं, कोणाकडून, कोणाला, तारीख. ज्यानं ही नाव कोरायची पद्धत काढली तो माणूस आपल्याला पूर्ण ओळखून होता.

आता मावशीची गोष्ट सांगतो. फादर, पाच मिनिटं.

आमची ही मावशी वेंगुर्ल्याकडची, आता ती नाही. आपला सिंधुदुर्ग धर्मप्रांत पुण्यापासून वेगळा झाला २००५ ला, त्याच्याही बरीच आधीची गोष्ट. हात इतका सढळ की दारात आलेला पोस्टमन, रापणीवरचा माणूस, काजू गोळा करायला येणाऱ्या बायका, कोणी चहाशिवाय आणि हातात काही घेतल्याशिवाय गेला नाही. पण तिला काही द्यायला जा! पिशवी बघितली की पहिलं वाक्य, “कित्याक हाडलंस? माका काय कमी आसा?” मग पिशवी कोपऱ्यात, उघडायची नाही. आणि निघताना तुमच्या हातात तुम्ही आणलेल्याच्या दुप्पट, काजूगर, कोकमाची सोलां, जत्रेचं खाजं, एकदा तर एका पाहुण्याला जिवंत कोंबडा दिला आणि तो बिचारा एसटीतून तो घेऊन कोल्हापूरपर्यंत गेला, त्या कोंबड्याची वेगळी गोष्ट आहे, ती राहू दे.

तिचा मुलगा शिपवर लागला. पहिल्या काँट्रॅक्टच्या पगारातून त्यानं आईसाठी मिक्सर आणला, बाहेरचा, तेव्हा आमच्या वाडीत कोणाकडे मिक्सर नव्हता. मावशी रगड्यावर वाटप वाटायची, खांदा दुखायचा, रात्री तेल चोळून घ्यायची, हे तो लहानपणापासून बघत होता. मिक्सर आला, अख्खी वाडी बघून गेली, आणि मावशीनं तो थर्माकोलसकट परत खोक्यात घातला, सुतळीनं बांधला, खोक्यावर क्रोशाचा रुमाल टाकला आणि त्यावर सायबिणीची, मरियामातेची, मूर्ती ठेवली. आता मूर्ती ठेवल्यावर काढणार कोण? संध्याकाळी त्याच्यासमोर रोझरी. पुढच्या सुट्टीला मुलगा आला, विचारलं, माये, मिक्सर? “आसा, बरो आसा. वापरलंय तर झिजतलो मां.” आणि रगड्यावर बसली.

तीनचार वर्षं अशीच गेली. मग तिच्या पुतणीचं लग्न निघालं. मुलगा सुट्टीवर होता, कोट घालून तयार, मावशी म्हणाली ते खोकं उचल आणि स्टेजवर नेऊन दे. रुमाल काढलेला, वर चमकीचा कागद. त्यानं उचललं आणि वजनावरून त्याला कळलं. आपल्या पहिल्या पगाराचा मिक्सर स्वतःच्या हातानं नवरीला देऊन, फोटोला हसून, तो खाली उतरला. मला म्हणाला, पुतणीला मिळाला ह्याचं वाईट नाही, चांगली मुलगी आहे, तिला मी दुसरा आणून दिला असता. तिनं माझ्याकडून कधी काही घेतलंच नाही, एवढंच.

मावशी काय कंजूष होती? कंजूष माणूस मिक्सर दुसऱ्याला देईल का? तिला कोणाच्या ऋणात राहायचं नव्हतं, पोटच्या पोराच्यासुद्धा. ही आपली जुनी सवय आहे, मनीऑर्डरवर जगलेल्या मुलखाची आहे, मुंबईहून पैसे यायचे आणि गावात मान खाली जायला नको म्हणून आपण दुप्पट परत करत राहिलो. त्याला आपण स्वाभिमान म्हणतो. असेल.

फादर घड्याळ दाखवतायत. कॉयरची पोरं गिटार घेऊन दारात आलीच आहेत. मूळ विषय आता सुरू होतोय, तीन मुद्दे होते, धावत सांगतो.

एक, बाळ येशूला भेटी घेऊन आलेले पूर्वेकडचे ज्ञानी लोक, बायबलमध्ये मत्तयच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय. आपण सहा जानेवारीला तीन राजांचं फेस्त म्हणतो, पण मत्तयनं त्यांना राजे म्हटलेलं नाही आणि किती होते हेही सांगितलेलं नाही, भेटी तीन होत्या म्हणून माणसं तीन झाली. सोनं, ऊद, गंधरस, आणि ते कुठे, तर सुताराच्या घरात. येशूची आई मरिया काही बोलली असं लिहिलेलं नाही. अहो कशाला हे, आम्हाला काय उपयोग, असं काही नाही. जाताना बरोबर काही बांधून दिलं असंही नाही, ते दुसऱ्या वाटेनं आपल्या देशी गेले. आमच्या मावशीनं काजूगर दिल्याशिवाय सोडलं नसतं.

दोन, येशूचा शिष्य पेत्र. योहानचं शुभवर्तमान, अध्याय तेरा. येशू कमरेला टॉवेल बांधून पाय धुवायला बसलाय आणि पेत्र म्हणतो, माझे पाय तू कधीच धुवायचे नाहीस. ऐकायला किती नम्र! येशूनं ते नम्रता म्हणून घेतलंच नाही, सरळ म्हणाला की धुतले नाहीत तर तुझा माझा काही संबंध नाही. मग पेत्र एकदम दुसऱ्या टोकाला, हात धुव, डोकं पण धुव, हा माणूस शंभर टक्के मालवणी असणार. आणि येशू स्वतः घेत होता हे बघा. लूक आठ वाचा, मग्दालेना मरिया, हेरोदच्या कारभाऱ्याची बायको योहान्ना, सुसान्ना, ह्या बायका आपल्या पैशातून त्याचा आणि शिष्यांचा खर्च चालवत होत्या. बेथानी गावात दुसऱ्याच एका मरियानं त्याच्या पायावर जटामांसीचं अत्तर ओतलं, ३०० दिनार किंमत, एक दिनार म्हणजे मजुराचा एक दिवस, वर्षभराची मजुरी झाली की ती. गरिबांना द्यायला हवं होतं असं म्हणणारा यूदा होता, येशूला पुढे धरून देणारा. येशू म्हणाला, तिला करू दे.

कोणीतरी म्हणेलच की घेण्यापेक्षा देण्यात जास्त धन्यता, प्रेषित पौलानं सांगितलंय. सांगितलंय, प्रेषितांची कृत्ये वीस, येशूचे शब्द म्हणून सांगितलंय. पण तोच पौल फिलिप्पैच्या लोकांकडून मदत घेतो आणि त्यांना लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात आभार मानताना किती अवघडलाय बघा, फार आनंद झाला, पण मला गरज होती म्हणून म्हणत नाही हां, मी देणगीच्या मागे नाही हां. तोही आपल्यातलाच. पण पैसे ठेवून घेतले, परत पाठवले नाहीत.

तीन, आणि हाच मुद्दा आधी घ्यायला हवा होता. लूक चौदामध्ये येशू सांगतो की जेवणाला परतफेड करू शकतील अशांना बोलावू नको, जे फेडू शकत नाहीत त्यांना बोलाव. आपण हे ऐकलं की लगेच यजमानाच्या खुर्चीत बसतो आणि किट वाटायला घेतो. तांदूळ, डाळ, तेल, एक ब्लँकेट, रांगेत उभं करून फोटो. मागे एका ठिकाणी, चर्चचं नाव घेत नाही, २०२१ च्या तौक्ते वादळात जिच्या घराचे पत्रे उडाले होते अशा एका बाईला किट दिलं, ती दोन दिवसांनी आगळाची बाटली घेऊन आली, घरचं कोकमाचं आगळ, तोंडाला प्लॅस्टिक लावून दोरा गुंडाळलेला. कमिटीवाले म्हणाले, अगं तुलाच होईल, घेऊन जा. प्रेमानंच म्हणाले. ती घेऊन गेली आणि पुढच्या वर्षी किटला आली नाही. तिच्या हातून आगळ घेताना आपल्याला ऋण नको असतं आणि तिनं मात्र दरवर्षी आपलं ऋण घ्यायचं, फोटोसकट.

म्हणून कमिटीला एक मागणी आहे, जानेवारीत नको, येत्या रविवारच्या मीटिंगमध्येच घ्या. यंदा किट वाटपाचा फोटो बंद. आणि त्या टेबलाच्या बाजूला दुसरं टेबल लावा, घेण्याचं, तिथे कोण काय आणेल ते घ्यायचं, नारळ, सोलां, आगळ, दोन अंडी, थँक्यू म्हणायचं आणि वहीत लिहायचं नाही. पंचवीसला इथे सगळ्यांचं जेवण आहे त्यात ते वापरा, सोलकढी तर लागणारच आहे. टेबलावर बसायला माणूस मिळत नसेल तर मी बसतो. चला, कॉयर आत या.