युद्ध युक्रेनमध्ये, निर्णय हेलसिंकीत

श्रोतेहो, नमस्कार.

हेलसिंकीच्या पूर्व भागात जमिनीखाली, खडक पोखरून केलेला एक पोहण्याचा तलाव आहे. लोक येतात, पोहतात, सौनात घाम गाळतात आणि घरी जातात. वेळ आलीच, तर बहात्तर तासांत पाणी काढून तिथे हजारो माणसांना आसरा देता येईल, अशी तजवीज मात्र बांधतानाच केलेली आहे. फिनलंडमध्ये असे ५०,०००हून जास्त निवारे आहेत. साधारण ५६ लाखांच्या देशात ४८ लाख माणसं त्यांत मावतात.

हे सगळं रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यानंतरच्या घाईत उभारलेलं नाही, याकडे मला तुमचं लक्ष वेधायचं आहे. दुसरीकडे युद्ध पेटतं आणि एखादा देश रातोरात धोरण बदलतो, असं आपण सहज म्हणतो. पण त्या युद्धातून कोणी काय उचलायचं, हे बरंचसं आधीच ठरलेलं असतं. ज्याच्या त्याच्या जुन्या जखमांवर ते अवलंबून असतं.

फिनलंडची जखम १९३९ची. ३० नोव्हेंबरला सोव्हिएत सैन्य सीमा ओलांडून आत आलं. १०५ दिवस फिनिश लोक बर्फात लढले, मदतीला फारसं कोणी धावलं नाही आणि शेवटी सुमारे एक दशांश भूभाग गमवावा लागला. पुढे १९४८मध्ये मॉस्कोशी मैत्रीचा करार झाला. मोठ्या शेजाऱ्याला दुखवायचं नाही, पण बंदूकही खाली ठेवायची नाही, अशी ती दुहेरी कसरत. शीतयुद्ध संपल्यावर युरोपातल्या कितीतरी देशांनी सक्तीची लष्करसेवा गुंडाळली, फिनलंडने ती चालूच ठेवली. १९९५मध्ये देश युरोपीय संघात गेला, पण नाटो या अमेरिका-युरोपच्या लष्करी युतीत गेला नाही. ‘वाटलं तर जाऊ’ एवढं दार किलकिलं ठेवलं.

ते दार कोणी ढकललं? माझ्या मते रणगाड्यांच्याही आधी एका कागदाने. १७ डिसेंबर २०२१ला रशियाने मागण्यांचा मसुदा जाहीर केला. नाटोने यापुढे नवा सदस्य घेऊ नये, ही त्यातली एक मागणी. म्हणजे ‘वाटलं तर जाऊ’ हे म्हणायचीही मुभा गेली! निर्णय घ्यायचा की नाही, हा आपला प्रश्न दुसराच कोणी निकालात काढतोय, हे फिनलंडला झोंबलं. २४ फेब्रुवारी २०२२ला युक्रेनवर हल्ला झाला, तेव्हा फिनलंडचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष निनिस्टो म्हणाले की मुखवटा उतरला आहे, आता युद्धाचा थंड चेहरा तेवढा दिसतो आहे. वर्षानुवर्षं नाटोच्या बाजूने जेमतेम पाव जनता होती. मे महिन्यात ती तीन चतुर्थांशाच्या घरात पोचली. १७ मेला संसदेत १८८ मतं बाजूने पडली, विरोधात आठ.

स्वीडनची गोष्ट वेगळी आहे, आणि खरं सांगायचं तर जरा अवघडलेली. १८१४पासून हा देश युद्धात उतरलेला नव्हता. अलिप्तता हा तिथे स्वाभिमानाचा भाग होता. ८ मार्च २०२२ला, हल्ला होऊन दोन आठवडे झालेले असताना, तेव्हाच्या पंतप्रधान माग्दालेना आंदेर्सन म्हणत होत्या की आत्ता अर्ज केला तर परिस्थिती आणखी बिघडेल. मेच्या मध्यावर त्याच सरकारने अर्ज केला. फिनलंड निघाल्यावर बाल्टिकच्या काठी एकटं कोण राहणार? फिनलंड ४ एप्रिल २०२३ला आत गेला. स्वीडनला मात्र तुर्कस्तान आणि हंगेरीच्या होकारासाठी मार्च २०२४ उजाडेपर्यंत ताटकळावं लागलं.

आत गेल्यावर हिशेब बदलतो. कालपर्यंत फक्त आपली सीमा राखायची होती, आता नाटोतल्याच एस्टोनियावर हल्ला झाला तरी तो आपल्यावरचाच धरायचा. रशियाशी असलेली सुमारे १,३४० किलोमीटरची सीमा आता नाटोचीही झाली. २०२३च्या अखेरीला तिथली नाकी बंद झाली. लापेनरांतासारख्या गावांत रशियन गिऱ्हाइकांवर दुकानं चालत, तिथे शुकशुकाट झाला. सुरक्षेची ही किंमत राजधानीतल्या भाषणांत फारशी ऐकू येत नाही.

आणखी एक गोष्ट सांगतो, मला अस्वस्थ करणारी. माणसांना मारणाऱ्या भूसुरुंगांवर बंदी घालणारा ओटावा करार फिनलंडने २०१२मध्ये स्वीकारला आणि दहा लाखांवर सुरुंग नष्ट केले. मग २०२३च्या उन्हाळ्यात युक्रेनची चढाई रशियाने पेरलेल्या सुरुंगांच्या पट्ट्यांत अडखळताना जगाने पाहिली. लांबलचक सीमा राखायची, माणसं थोडी. फिनलंडच्या सेनापतींनी यातून काय घेतलं असेल, हे सांगायला नको. जून २०२५मध्ये तिथल्या संसदेने करारातून बाहेर पडायला मंजुरी दिली, तीही मोठ्या बहुमताने. लढाई थांबल्यावर त्या सुरुंगावर सैनिकाचा बूट पडतो की शेतकऱ्याचा, हे त्याला कळत नाही. हे मत देणाऱ्यांनाही ठाऊक होतं. तरी त्यांनी बाजूने मत दिलं.

नमस्कार.