बसून राहिलेल्या गाडीचे ब्रेक

मंडळी, इंदूरच्या माणसानं हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या, ब्रेकवर बोलायचं तर होळकरांचं नाव घ्यावंच लागतं. यशवंतराव होळकर दुसरे यांच्याकडे ड्युसेनबर्ग मोटार होती, आणि चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक असलेली मोटार पहिल्यांदा बाजारात आणली ती याच कंपनीनं, १९२१ च्या सुमारास. आपल्यापैकी बहुतेकांकडे मात्र वडिलांची फियाट नाहीतर अँबेसिडर आहे, ताडपत्रीखाली झाकलेली. तिचंच बघू.

बरीच वर्षं उभ्या असलेल्या गाडीचं पेडल मुकाट्यानं खाली गेलं, की मिस्त्री लगेच म्हणतो, ‘ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढून टाकू.’ माझं म्हणणं, जरा थांबा. आधी पेडल कसं नरम आहे ते पाहा. तीन-चारदा मारल्यावर वर येतंय, पण पायाखाली लिबलिबीत लागतंय, तर हवा. वर येऊन टणक होतंय, तर बहुधा ब्रेक शू, म्हणजे ब्रेक लावल्यावर घासणाऱ्या पट्ट्या, चाकाच्या ड्रमपासून लांब राहिलेत, ते अ‍ॅडजस्ट करा. आणि पाय दाबून धरल्यावर पेडल सावकाश खाली सरकतच राहिलं, बाहेर मात्र कुठंच ओल नाही, तर मास्टर सिलिंडरमधले, म्हणजे पेडल दाबल्यावर ऑइल पुढं ढकलणाऱ्या नळीतले, रबरी कप गेले समजा. तिथं दिवसभर हवा काढत बसलात तरी फरक पडायचा नाही.

हे होतं कशामुळं? ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं. आपण गाडी झाकतो, पावसाळा काही झाकता येत नाही. डॉट ३ दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनांक नवं असताना किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. पाणी मुरलेल्या ऑइलसाठी तीच मर्यादा १४० वर येते. महेश्वरला जाताना मानपूरच्या पुढं घाट उतरताना ड्रम तापले, ऑइल उकळलं, त्याची वाफ झाली, की पेडल थेट फरशीला. म्हणून जुन्या ऑइलवर नवं भरून भागवू नका, सगळं बदला. तेच पाणी सिलिंडरच्या आत गंजाचे खड्डे पाडतं. प्रत्येक चाकातल्या व्हील सिलिंडरचं रबरी टोपण बोटानं जरा उचलून पाहा. आत ओलं असेल तर कप गळतोय. खड्डे नखाला लागत असतील तर नुसतं नव्या रबरांचं किट घालून उपयोग नाही, सिलिंडरच बदला.

आपल्याकडे सगळं पेट्रोलमध्ये धुवायची फार हौस! पेट्रोल, रॉकेल, इंजिन ऑइल, यांनी हे रबर फुगतं. नव्या ब्रेक ऑइलनंच धुवा. रंगावर सांडलं तर लगेच पाणी ओता, नाहीतर रंग उठतो.

हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात, म्हणजे आपल्याकडे सहसा मागचं डावं. चाकामागचं हवा सोडायचं निपल बंद झाल्याशिवाय पेडलवरचा पाय सोडायचा नाही. आणि पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. एरवी मास्टर सिलिंडरमधला पिस्टन जिथवर जातो तेवढीच नळी गुळगुळीत राहते, पुढच्या भागात गंज साचतो. पेडल फरशीपर्यंत मारलं की कपाची धार त्या गंजावर घासते, आणि काल बरा असलेला मास्टर सिलिंडर आज जातो.

सगळं झाल्यावर इंजिन बंद ठेवून पेडल मिनिटभर जोरात दाबून धरा, दुसऱ्याला चारही चाकांमागं आणि रबरी होजवर बॅटरी मारायला सांगा. या जुन्या गाड्यांत बहुधा ऑइलचं एकच सर्किट असतं. एक होज फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले. तेव्हा गल्लीत पहिली चक्कर मारण्याआधी हँडब्रेक धरतोय ना, ते तपासा. त्याची केबल वेगळी असते.